गड चढता येत नाही म्हणून सहल चुकवायची का?

पत्र थोडक्यात असं: एका आईने लिहिलंय. मुलगा सातवीत, बारा वर्षांचा. डावा पाय जन्मापासून कमजोर, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) घालून चालतो, लांब चालायचं असलं की एक कुबडी घेतो. शाळेचा दोन मजली जिना कठडा धरून रोज चढतो-उतरतो. जानेवारीत शाळेची दोन दिवसांची सहल रायगडला निघालीय, पाचाडला एक रात्र मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्यांनी गड. संमतीपत्र घरी आलं आणि पाठोपाठ क्लास टीचरचा फोन, "ताई, तुम्हीच बघा, पायऱ्या खूप आहेत, जबाबदारी आमच्यावर येते, पैसे भरायची घाई करू नका." मुलाचे बाबा म्हणतात कशाला उगीच, त्या दिवशी त्याला सिनेमाला नेऊ. मुलगा स्वतः म्हणतो, "मला जायचंच नाही, बोअर आहे तिकडे." पण हाच मुलगा दर दिवाळीत अंगणात रायगडच बांधतो, टकमक टोकासकट. आई विचारते, पाठवू की नको? मी सोबत जाऊ का? की शाळेशी भांडू?

ताई,

तुमच्या पत्रात चार माणसं बोलतायत, तुम्ही, मुलाचे बाबा, क्लास टीचर आणि तुमचा लेक, आणि चौघांचं म्हणणं वेगवेगळं असलं तरी एक गोष्ट सगळ्यांनीच न बोलता धरून चाललीय की रायगड बघायचा म्हणजे पायथ्यापासून पायऱ्यांनीच चढायचा, आणि ज्याला ते जमत नाही त्याचा गड राहिला. मला पहिली शंका इथेच आहे. पाठवू की नको हे ठरवायच्या आधी ही सहल चढायची आहे की बघायची आहे ते शाळेला विचारायला हवं, आणि माझ्या अंदाजाने शाळेनेही ते स्वतःला कधी विचारलेलं नसेल.

पायऱ्या खूप आहेत हे खरंच आहे, दीड हजाराच्या आसपास, काही उंच काही बुटक्या, काही ठिकाणी पावलांनी गुळगुळीत झालेल्या, आणि महादरवाजा येईपर्यंत धडधाकट पोरांचाही जीव मेटाकुटीला येतो. टीचर काही खोटं सांगत नाहीयेत. कॅलिपर घालून त्या वाटेने त्याला चढवा असं मी अजिबात म्हणणार नाही, आणि उतरणं तर त्याहून नको, कारण चढताना दम लागतो पण उतरताना सगळा भार गुडघ्यावर आणि पावलावर येतो, त्याच्या फिजिओला विचाराल तर तेही हेच सांगतील. पण रायगडाला रोपवे आहे, १९९६ पासून आहे. खाली हिरकणीवाडीतून सुटतो आणि चार-पाच मिनिटांत वर नेतो. तुमच्या पत्रात रोपवेचा र सुद्धा नाही, टीचरच्या फोनमध्येही नाही, याचं मला नवल वाटलं. बहुतेक असं झालं असेल की शाळेने वर्षानुवर्षं जो प्लॅन केला तोच पुढे चालू आहे, त्यात बसला तर ठीक, नाही बसला तर घरी राहा.

आता यावर कोणीतरी लगेच म्हणेल की रोपवेने गेला त्याने काय गड बघितला. हे वाक्य तुमच्या मुलाच्या कानावर नक्की पडणार, वर्गातला एखादा पोरगा तरी बोलेलच, म्हणून याचं उत्तर घरातच तयार ठेवा, आणि ते उत्तर रायगडावरच आहे. रोपवेचं वरचं स्टेशन मेणा दरवाजाच्या बाजूला येतं. राणीवशातल्या बायकांचे मेणे याच दारातून ये-जा करायचे असं सांगतात, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी सुद्धा गडावर सगळेच काही पायी फिरत नव्हते. १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला होता, त्याने लिहून ठेवलंय की दाराशी हत्ती उभे होते आणि एवढ्या अवघड वाटेने ते वर आणले तरी कसे याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. गडावर कोणाला न्यायचं आणि कसं न्यायचं याचा विचार तिथे राहणाऱ्यांनी केलेला होता.

आणि पाचाड. तुमच्या मुलाचा मुक्काम तिथेच आहे म्हणून मुद्दाम सांगते. जिजाऊंना गडावरची थंड हवा सोसत नव्हती म्हणून महाराजांनी पायथ्याला पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला असं सांगतात. राज्याभिषेक ६ जूनला झाला आणि १७ जूनला जिजाऊ गेल्या, त्यांची समाधीही पाचाडलाच आहे. स्वराज्याच्या राजधानीत ज्या बाईचा मान सगळ्यात मोठा, तिच्या तब्येतीसाठी वेगळी सोय केली गेली आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. ही गोष्ट मुलाला सांगा, आणि शाळेत बोलायला जाल तेव्हा तिथेही सांगा.

आता मुलाच्या बोलण्याकडे येते, कारण माझ्या दृष्टीने या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. "मला जायचंच नाही, बोअर आहे तिकडे." दर दिवाळीत जो पोरगा चिखलात हात घालून टकमक टोक करतो त्याला रायगड बोअर वाटेल यावर तुमचाही विश्वास नाहीये, म्हणून तर तुम्ही ते वाक्य लिहिलंत. मग तो असं का म्हणाला? मी शिक्षिका होते, या वयाची मुलं मी खूप पाहिलीत, ती नको म्हणतात ते बऱ्याचदा तुम्हाला सोपं जावं म्हणून. टीचरचा फोन आला तेव्हा तो घरात होता का? तुमचा चेहरा त्याने पाहिला का? आईबाबांचं दबक्या आवाजातलं बोलणं मुलांना ऐकू येतंच, दार लावलं तरी येतं. आपल्यामुळे घरात टेन्शन आलंय असं वाटलं की मूल पटकन मागे सरतं आणि वर बोअर आहे वगैरे जोडून टाकतं म्हणजे कोणी आग्रह करू नये.

दुसरं एक कारण असू शकतं जे तुमच्या लक्षात आलं नसेल कदाचित, आणि ते गडाचं नाहीच, रात्रीचं आहे. मुक्कामाला वीस-पंचवीस पोरं एका हॉलमध्ये गाद्या टाकून झोपणार. त्याला कॅलिपर काढावा लागणार, सगळ्यांसमोर. पाय उघडा पडणार. रात्री बाथरूमला जायचं तर अंधारात कुबडी शोधायची, कोणाच्या तरी अंगावर पाय पडणार, सकाळी आंघोळीला रांग. शाळेत त्याला सगळ्यांनी कॅलिपर घातलेला पाहिलंय, कॅलिपर काढलेला बहुतेक कोणीच पाहिलेलं नाही. बाराव्या वर्षी ही भीती दीड हजार पायऱ्यांपेक्षा मोठी असू शकते, आणि ती तो तुम्हाला आपणहून सांगणार नाही. पायऱ्यांवर रोपवेचा उपाय निघाला आणि तरीही तो नकोच म्हणाला तर इथे बघा.

विचारायचं कसं? समोर बसवून "खरं सांग, तुला जायचंय ना?" असं विचारलंत तर तो परत नाहीच म्हणणार. काहीतरी काम करता करता विचारा, गाडीवरून जाताना, भाजी निवडताना, जिथे एकमेकांच्या डोळ्यात बघायला लागत नाही तिथे. आणि जायचं का हे विचारूच नका, "गेलास तर कशाचा वैताग येईल?" असं विचारा. या प्रश्नाला नाही म्हणता येत नाही, काहीतरी सांगावंच लागतं. तो म्हणेल सगळे पुढे जातील, मला थांबायला लागेल, सर सगळ्यांसमोर बोलतील, नाहीतर काहीच न बोलता मोबाइल घेऊन बसेल आणि रात्री झोपताना एखादं वाक्य बोलेल. जे बोलेल ते लगेच सोडवायला धावू नका हं, नुसतं ऐका, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर बोला.

आणि हो, एवढं सगळं करून त्याला खरंच जायचं नसेल तर ते सुद्धा मान्य करायचं. काही मुलांना घोळक्यात दोन दिवस काढणं नकोसंच वाटतं, त्यात पायाचा काही संबंध नसतो. पण तो नकार त्याने रोपवे, सोबत, झोपायची जागा, सगळं माहीत झाल्यावर दिलेला असावा. आत्ताचा त्याचा नकार दीड हजार पायऱ्यांना आहे.

तुम्ही सोबत जाण्याबद्दल. मला कळतंय ताई, तुमचा जीव राहणार नाही, पण माझं मत नको असं आहे. आई सोबत आली की वर्गातली पोरं त्याच्याशी वेगळं वागतात, बसमध्ये मागच्या सीटवर जे काही चालतं त्यात तो नसतो, तो आईच्या शेजारी खिडकीत बसलेला असतो डबा मांडीवर घेऊन. सहलीची मजा बरीचशी त्या मागच्या सीटवरच असते. शाळेने अगदी अट घातली की पालक हवाच, तरच जा, आणि तेव्हाही सगळ्या वर्गासाठी मदतनीस पालक म्हणून जा, दुसऱ्या गटाला सांभाळा, त्याच्या गटात राहू नका. त्याच्या बाबांना जमत असेल तर बाबांना पाठवा, एकदा ते गड बघून आले की सिनेमाचा विषय आपोआप बंद होईल.

सिनेमाबद्दल दोन शब्द त्याच्या बाबांसाठी. दादा, तुम्ही प्रेमाने म्हणताय हे दिसतंय. पण सहलीनंतरचे पंधरा दिवस वर्गात फक्त सहलच चालते, कोण ओकलं, कोणाची टोपी उडाली, सर कोणावर ओरडले. निबंध पण त्याच्यावरच येतो, "आमची सहल". तुमचा मुलगा तेव्हा काय लिहिणार? सिनेमा कुठल्याही रविवारी बघता येतो.

आता शाळा. भांडायचं का असं तुम्ही विचारलंत. सुरुवात भांडणाने करू नका, कारण टीचरची भीती समजून घेण्यासारखी आहे. एका शिक्षकाच्या मागे वीस-पंचवीस पोरं, एक कठड्यावर चढतोय, एक माकडाला बिस्किट देतोय, एकीला चक्कर येतेय, आणि काही झालं की पहिलं बोट शिक्षकाकडे. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, त्यानंतर सहल म्हटलं की शिक्षकांच्या पोटात गोळा येतो, परवानग्या, हमीपत्रं, सगळंच वाढलंय. त्या भीतीत सोपा मार्ग दिसतो तो म्हणजे ज्याची काळजी वाटते त्यालाच वगळा. म्हणून शाळेत जाताना "माझ्या मुलाला घ्याच" एवढंच म्हणत जाऊ नका, हातात प्लॅन घेऊन जा. परवानगी नाकारणं सोपं असतं, तयार प्लॅन नाकारायला कारण द्यावं लागतं.

प्लॅन म्हणजे काय? वर्गाचे दोन गट. एक गट पायऱ्यांनी, एक रोपवेने, आणि रोपवेच्या गटात तुमचा मुलगा एकटा नको, हे मी चार वेळा सांगेन पण एकटा नको. प्रत्येक वर्गात ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत अशी आणखी मुलं असतातच, कोणाला दमा, कोणी नुकतंच आजारातून उठलेलं, कोणाला धाप लागते पण सांगायची लाज वाटते, एखाद्या मुलीची त्याच दिवशी पाळी आलेली असते आणि तिला पोटात दुखत असताना चढायला लावतात. शाळेने सगळ्यांनाच विचारावं, कोणाला रोपवेने यायचंय, कारण सांगायची गरज नाही. बघा सात-आठ हात वर होतात की नाही. एक शिक्षक किंवा शिपाईमामा त्यांच्यासोबत. तिकिटाचा खर्च जास्त होतो, तो प्रश्न आहेच, त्यासाठी आधीच सगळ्यांच्या वर्गणीत थोडा वाटून टाकता येतो किंवा पालक-शिक्षक संघाला विचारता येतं. तुमच्याकडून जास्तीचे पैसे वेगळे मागितले तर परवडत असलं तरी एकदा विचारा की हे सगळ्यांत का वाटत नाही.

रोपवेच्या काही गोष्टी आधी माहीत हव्यात. सुट्टीच्या दिवशी, शनिवार-रविवारी तिथे भयंकर गर्दी असते, तास-तास रांगेत जातात, आणि रांगेत उभं राहणं तुमच्या मुलाला चालण्यापेक्षा जास्त त्रासाचं होईल. म्हणून सहल शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर, आणि शाळेने आधी फोन करून ग्रुपची वेळ ठरवून. वारा जोरात सुटला की रोपवे थांबवतात, तसं झालं तर काय हेही आधीच ठरलेलं असू दे. माझ्या मते तसं झालं तर तो गट पाचाडला थांबेल, जिजाऊंचा वाडा आणि समाधी नीट बघेल, आणि हे मुलाला निघायच्या आधीच सांगून ठेवायचं म्हणजे ऐनवेळी तोंड उतरणार नाही.

वर गेल्यावर काय बघता येईल ते सांगते, कारण टीचरना वाटत असेल की वर सुद्धा चालणं खूप आहे. आहे, पण सगळं एकदम बघायलाच हवं असं कुठे आहे. मेणा दरवाजातून थोडं चढलं की राणीवसा, आता नुसती जोती उरलीत पण ओळीने उभी जोती बघून घरं किती मोठी होती ते कळतं. तिथून राजसदर जवळ. आणि राजसदरेवर अख्ख्या वर्गाने तासभर थांबावं असं मला मनापासून वाटतं. एका पोराला नगारखान्यापाशी उभं करा, त्याला हळू आवाजात काहीतरी बोलायला सांगा, आणि बाकीच्यांनी सिंहासनाच्या बाजूला कान देऊन ऐकायचं. एवढ्या लांबून हळू बोललेलं ऐकू येतं, पोरं वेडी होतात, परत परत करून बघतात. या खेळाला पाय लागत नाहीत, कान लागतात. सगळ्यांचे आवाज ओळखायचं काम तुमच्या मुलाला दिलंत तर तो तिथे लागेलच.

पुढे होळीचा माळ, तिथून बाजारपेठ, दोन्ही बाजूला उंच जोत्यांची रांग आणि मधून रुंद रस्ता, हे सगळं बऱ्यापैकी सपाटीवरचं आहे, मध्ये मध्ये बसत बसत त्याला जमेल. जगदीश्वराचं देऊळ आणि महाराजांची समाधी मात्र त्याच्या पुढे आहे, तिथे चाल पडते आणि परत यायचीही असते, ते त्या दिवशीचा पाय बघून ठरवावं. मला विचाराल तर जमत असेल तर जावंच, कारण देवळाच्या पायरीवर "सेवेचे ठायी तत्पर" असा हिरोजींचा शिलालेख आहे. ज्याने गड बांधला त्याने आपलं नाव कोरलं ते पायरीवर, आणि दरवर्षी अंगणात रायगड बांधणाऱ्या पोराने तो बघावा असं मला वाटतं. पण त्यासाठी परतीला त्याला उचलून आणायची वेळ येणार असेल तर नको, उचलून आणलेलं तो जन्मभर विसरणार नाही. आणि टकमक टोक सोडा. तिथली वाट अरुंद आहे, वारा असतो, सातवीचा अख्खा वर्ग तिथे नेणं मला तसंही पटत नाही. त्याला वाईट वाटेल, कारण त्याचं आवडतं तेच दिसतंय, पण ते लांबून दिसतं.

एक गोष्ट टीचरना तुम्ही स्वतः सांगा, नीट सांगा. त्याचं कौतुक करायचं नाही. "बघा, हा सुद्धा आलाय, तुम्ही काय दमता" असं बाकीच्या पोरांना म्हणायचं नाही, वर पोचल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, शाळेच्या ग्रुपवर त्याचा एकट्याचा फोटो टाकून जिद्द वगैरे लिहायचं नाही. हेतू चांगला असतो, पण त्या क्षणी पोरगा सहलीतून बाहेर पडतो आणि उदाहरण होऊन बसतो. त्याला बाकीच्यांसारखंच ओरडा, पाण्याची बाटली हरवली तर रागवा.

एवढं सगळं घेऊन गेलात आणि तरी शाळा नाहीच म्हणाली तर? मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, आणि नकारही लेखी मागा. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, त्याच्या १६ व्या कलमात शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता इतरांच्या बरोबरीने खेळाची आणि करमणुकीची संधी द्यायची आणि त्यांच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या असं आहे. सहल त्यातच येते असं माझं मत आहे. अर्जात या कलमाचा एका ओळीत उल्लेख करा, धमकीच्या सुरात नको, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यानेच काम होतं कारण बऱ्याच शाळांना हे माहीतच नसतं. हा मार्ग मी शेवटी सांगतेय कारण मुलाला त्याच टीचरच्या वर्गात अजून काही महिने बसायचंय.

हे वाचणाऱ्या शिक्षकांना पण एक विनंती आहे. जागा ठरवताना वर्गाकडे बघून ठरवा. पन्हाळ्याला गाडी थेट गडावर जाते, वर गावच वसलेलं आहे, अंबरखाना, सज्जाकोठी, तीन दरवाजा हे सगळं रस्त्याने जोडलेलं, आणि १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, बाजीप्रभू, शिवा काशीद, सांगायला गोष्टी संपत नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात रायगड आहे तसा पन्हाळाही आहे, त्यामुळे मुलांना कमी काही दाखवलं असं होत नाही. सिंहगडावरही वरपर्यंत रस्ता आहे. दरवर्षी सगळ्यात अवघड गड निवडायचा आणि मग दोन-तीन मुलांच्या घरी "पैसे भरायची घाई करू नका" असा फोन करायचा, यापेक्षा जागा बदलणं सोपं नाही का?

ताई, आता क्रम सांगते. आधी मुलाशी, वर लिहिलंय तसं. मग फिजिओला विचारून घ्या, सलग किती वेळ चालला तर चालेल, किती वेळाने बसायचं, आणि ते चार ओळीत कागदावर लिहून घ्या, त्या कागदाने टीचरची निम्मी भीती जाईल. मग शाळेत, शक्यतो तुम्ही आणि त्याचे बाबा दोघं. रात्रीचं बोलणं टीचरशी वेगळं करा, हॉलमध्ये भिंतीकडची, बाथरूमजवळची गादी, कुबडी हाताशी, आणि त्याचा जो जवळचा मित्र असेल तो शेजारी. त्या मित्राला आधी एकदा घरी झोपायला बोलवा. कॅलिपर काढून, पाय मोकळा सोडून दोघं रात्री उशिरापर्यंत गप्पा मारत बसले की पाचाडच्या रात्रीची अर्धी तयारी झाली. मुलाला नुसता शब्द देण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

निघायच्या आधी दोन-तीन आठवडे त्याला रोज थोडं जास्त चालवा, खडबडीत जमिनीवर, मैदानाच्या कडेने, कारण शाळेचा जिना सरळ आहे आणि गडावरचे दगड तसे नाहीत. नवे शूज सहलीला घालायला देऊ नका, आधीचे वापरलेलेच बरे. कॅलिपरच्या पट्ट्याखाली घाम येऊन कातडी सोलवटते म्हणून जास्तीचे सुती मोजे दोन जोड, आणि ते दुपारी बदलायचे हे त्याला स्वतःला माहीत हवं, सरांनी आठवण करायची वाट बघायला नको. कुबडीच्या टोकाचं रबर झिजलं असेल तर बदलून घ्या, दगडावर ते घसरतं, आणि एक जास्तीचं रबर त्याच्या सॅकमध्ये टाका.